लॅपटॉप विकावा, घरदार नव्हे!

जुने कपाट विकायला काढले की घरातील कर्ती माणसे त्याचा खण न् खण उपसून पाहतात. बोहारणीच्या हाती जुने लुगडे देण्यापूर्वी आजीबाई पदराची गाठ सोडून पाहत. हे शहाणपण आपल्या समाजाला कोणी शिकवावे लागले नाही. मात्र तीच माणसे जुना लॅपटॉप विकताना दोन-चार हजारांच्या घासाघिशीत गुंततात आणि त्याच्या पोटात काय राहिले याचा विचारही करीत नाहीत, हे आम्हांस चिंताजनक वाटते.

त्या पोटात काय नसते? आधार व पॅन कार्डांच्या प्रती, बँकेची पत्रके, आखातात नोकरीस असलेल्या मुलाच्या पारपत्राची छायाप्रत, घराचे विक्रीखत, एक-चौदाचा उतारा, आजारपणाचे अहवाल, कुटुंबाची छायाचित्रे आणि ब्राऊझरने इमानेइतबारे जपलेले परवलीचे शब्द! बनावट दस्तऐवजांच्या आधारे जमिनी बळकावल्याच्या प्रकरणांसाठी गोवा सरकारला २०२२ साली विशेष तपास पथक नेमावे लागले. ती प्रकरणे जुन्या संगणकांतून उद्भवली असे आम्ही म्हणत नाही. परंतु कागदपत्रांचा असा दुरुपयोग जेथे होतो, तेथे सह्यांसकट खतांच्या प्रती अनोळखी माणसाच्या हवाली करणे हे धाडसच म्हटले पाहिजे.

फाईल काढून 'रिसायकल बिन' रिकामा केला की काम झाले, हा सार्वत्रिक समज आहे व तो चुकीचा आहे. ग्रंथाच्या अनुक्रमणिकेतील ओळ खोडल्याने आतील प्रकरण नाहीसे होत नाही. तबकडीवरील मजकुराचेही पुष्कळदा तसेच होते. २००३ साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी जुन्या बाजारातून विकत घेतलेल्या १५८ हार्ड डिस्कची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी चालू निघालेल्या १२९ डिस्कपैकी अवघ्या १२ नीट पुसलेल्या होत्या. सामान्य माणसाचेच असे होते असेही नाही. ग्राहकांची माहिती असलेली जुनी यंत्रे निष्काळजीपणे विल्हेवाटीस दिल्याबद्दल मॉर्गन स्टॅन्ली या बलाढ्य वित्तसंस्थेला २०२२ साली ३.५ कोटी डॉलरचा दंड भरावा लागला. प्रश्न सुमारे दीड कोटी ग्राहकांचा होता, आणि काही यंत्रे तर माहितीसकट लिलावात विकली गेली होती.

उपाय कठीण नाहीत. क्रम मात्र पाळला पाहिजे. प्रथम हवे ते सारे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावे आणि ते उघडते की नाही हे पाहावे. मग ईमेल व इतर सर्व खात्यांतून बाहेर पडावे. त्यानंतर पुसण्याचे काम. जुन्या, फिरत्या तबकडीवर आरंभापासून अखेरपर्यंत नवे लेखन केले की पूर्वीचा मजकूर बुजतो. नव्या लॅपटॉपमधील 'एसएसडी'चे तसे नाही. ती नवे लेखन भलत्याच कप्प्यात नेऊन ठेवते आणि जुने मागे राहू शकते. म्हणून तेथे विंडोजमधील 'बिटलॉकर' किंवा मॅकवरील 'फाईलव्हॉल्ट' यांनी संपूर्ण डिस्क आधी कूटबद्ध करावी. किल्ली नष्ट झाली की उरलेली अक्षरे निरर्थक ठरतात. मग विंडोजमध्ये 'रिसेट' करताना 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडून 'क्लीन डेटा' हा पर्याय आवर्जून चालू करावा. नव्या मॅकवर 'इरेझ ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' ही सोय आहे. यंत्र सुरूच होत नसेल, तर डिस्क काढून घेऊन उरलेला सांगाडा तेवढा विकावा.

कायद्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली दिला, आणि २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संमत केला. तो इतरांची माहिती हाताळणाऱ्या संस्थांवर जबाबदारी टाकतो. स्वतःची माहिती स्वतःच्या हातांनी बाजारात मांडणाऱ्याचा हात धरायला तो येणार नाही.

संस्थांना मात्र ही सबब सांगता येणार नाही. पतसंस्था, पंचायती, शाळा व दवाखाने यांच्या जुन्या संगणकांत शेकडो लोकांची गुपिते साठलेली असतात. ते मोडीत काढताना प्रत्येक डिस्क पुसल्याची वा नष्ट केल्याची लेखी नोंद ठेवावी आणि त्याविना एकही यंत्र कार्यालयाचा उंबरठा ओलांडू नये, असा दंडक सरकारने घालून द्यावा, अशी आमची मागणी आहे. घरच्या लॅपटॉपसाठी सरकारी हुकमाची वाट पाहण्याचे कारण नाही. तेथे एका संध्याकाळचे कष्ट पुरेसे आहेत, आणि तेवढे घेण्याचा आळस कोणालाही परवडणारा नाही.