व्हॅरम पर्सी : कुरणाखाली दडलेले गाव

इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये, वोल्ड्स या चुनखडीच्या टेकड्यांच्या प्रदेशात व्हॅरम पर्सी नावाचे गाव होते. आज तेथे छप्पर हरपलेले सेंट मार्टिन चर्च आणि गवताने झाकलेले उंचवटे एवढेच उरले आहे. हे उंचवटे म्हणजे शेतकऱ्यांच्या घरांचे पाये होत. इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांच्या पुढाकाराने १९५० ते १९९० अशी ४० वर्षे येथे उत्खनन चालले. गढ्या, मठ आणि चर्च यांच्यापुरता मर्यादित असलेला मध्ययुगाचा अभ्यास त्यामुळे सामान्य रयतेच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला.

या परिसरात लोहयुगापासून वस्ती होती. रोमन काळातही येथे शेती होत असे. अँग्लो-सॅक्सन काळातील विखुरलेल्या वस्तीतून पुढे ओळीने घरे असलेले आखीव गाव उभे राहिले. १०८६च्या डूम्सडे या महसुली नोंदवहीत त्याचा उल्लेख आहे. ‘पर्सी’ हे नाव मात्र नंतरच्या जमीनदार घराण्याचे. गावाची भरभराट आणि उतरती कळा चर्चच्या भिंतींवरही वाचता येते. लोकसंख्या वाढली तेव्हा चर्चला बाजूची दालने जोडली गेली आणि गाव रोडावल्यावर ती पाडण्यात आली.

गाव ओस का पडले? १३४८-४९च्या प्लेगने, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात त्या साथीनंतरही गाव दीडशे वर्षे तग धरून होते. लोकरीला चांगला भाव येऊ लागला, तशी धान्यशेतीपेक्षा मेंढपाळी जमीनदारांना किफायतशीर वाटू लागली. इ. स. १५००च्या सुमारास उरलीसुरली कुटुंबे हुसकावली गेली आणि शेतांची कुरणे झाली.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने येथील १३७ हाडांकडे लक्ष वेधले. ११व्या ते १४व्या शतकांतील किमान १० व्यक्तींच्या या हाडांवर सुरीचे वार आणि जाळल्याच्या खुणा आढळल्या. दातांच्या रासायनिक तपासणीत ही माणसे याच भागातली ठरली. मृत व्यक्ती थडग्यातून उठून उपद्रव देतात, या भीतीपोटी हे केले असावे, असा संशोधकांचा कयास आहे.

जमिनीचे मालक कोण, सारा किती, हे कागदपत्रांतून कळते. कसणाऱ्यांचे जगणे, त्यांची भीती आणि त्यांचे विस्थापन यांचा तपशील मात्र येथे मातीनेच जपून ठेवला.