उशिरा येऊन पुढे गेलेलं नेटवर्क

५ सप्टेंबर २०१६. गणेश चतुर्थीचा दिवस. घरोघरी गणपती बसत होते आणि मोबाइलच्या दुकानांबाहेर सिमसाठी रांगा लागत होत्या. रिलायन्स जिओची सेवा त्या दिवशी सर्वांसाठी खुली झाली. डेटा फुकट, कॉल फुकट. रांगेत उभं राहायला आणखी काय हवं? कंपनीच्या म्हणण्यानुसार पहिले पाच कोटी ग्राहक ८३ दिवसांत आले आणि दहा कोटींचा टप्पा १७० दिवसांत गाठला गेला.

फुकट वाटून गर्दी जमवली, असं तेव्हा बोललं गेलं. त्यात तथ्य होतंच. पाठीशी तेलशुद्धीकरणातून आलेला बक्कळ पैसा होता, हेही खरं. पण निव्वळ पैशाच्या जोरावर एवढ्या लोकांचे कॉल आणि व्हिडिओ एकाच वेळी वाहून नेता येत नाहीत. त्यासाठी नेटवर्कची रचनाच वेगळी लागते. जिओची होती. तिच्याकडे टूजी नव्हतं आणि थ्रीजीही नव्हतं. भारतात पहिला मोबाइल कॉल झाला १९९५ साली. त्यानंतर एकवीस वर्षांनी मैदानात उतरलेल्या या कंपनीने मधल्या दोन पिढ्या गाळून थेट फोरजीपासून सुरुवात केली होती.

रुमाल टाकलेली जागा

टूजी मुळात बोलण्यासाठी घडवलेलं तंत्रज्ञान. जीएसएम पद्धतीत २०० किलोहर्ट्झच्या एका वाहक लहरीवर वेळेचे आठ कप्पे पाडलेले असतात. कॉल लागला की त्यातला एक कप्पा तुमचा. तुम्ही बोला किंवा गप्प बसा, कॉल संपेपर्यंत तो दुसऱ्याला मिळत नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसाच हा प्रकार. माणूस बसलेला असो वा नसो, जागा अडलेली. आणि संभाषणात एक जण बोलतो तेव्हा दुसरा ऐकत असतो, म्हणजे धरून ठेवलेली निम्मी क्षमता वाया जाते.

फोरजीत, म्हणजे एलटीईमध्ये, राखीव जागा ही भानगडच नाही. सगळा मजकूर छोट्या छोट्या पॅकेटांत विभागला जातो आणि दर मिलिसेकंदाला टॉवरवरची यंत्रणा ठरवते, की आता कोणाची पॅकेटं पाठवायची. इंटरनेटसाठी हे उत्तम. आवाजाची मात्र पंचाईत होती. त्यामुळे २०१६ मध्ये इतर कंपन्यांचे फोरजी ग्राहक नेट फोरजीवर वापरायचे आणि कॉल आला की त्यांचा फोन मुकाट्याने थ्रीजी किंवा टूजीवर उतरायचा. कॉल चालू असताना नेट रखडायचं ते यामुळेच. अशा कंपनीला एकाच टॉवरवर तीन पिढ्यांची यंत्रं पोसावी लागत आणि महागड्या लिलावात घेतलेल्या लहरींची तीन ठिकाणी वाटणी करावी लागे.

जिओला मागे उतरायला पायरीच नव्हती. म्हणून तिला आवाजही डेटा म्हणूनच पाठवावा लागला. या पद्धतीला व्होल्टी म्हणतात. तिच्यात काय घडतं, ते जरा जवळून पाहू.

तुम्ही ‘हॅलो’ म्हणता. फोन तुमच्या आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करतो, म्हणजे सेकंदाला पन्नास. प्रत्येक तुकडा आकड्यांत बदलून, आवळून, पॅकेटात भरून रवाना होतो. जुन्या टेलिफोनमध्ये साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज पलीकडे जायचा, म्हणून ‘स’ आहे की ‘फ’ हे पुन्हा विचारावं लागे. व्होल्टीत तो ५० ते ७,००० हर्ट्झपर्यंत जातो आणि बोलणारा शेजारी उभा असल्यासारखा स्पष्ट ऐकू येतो. या पॅकेटांना रस्त्यात अग्रक्रम असतो. फोन आणि कंपनीची मध्यवर्ती यंत्रणा यांच्यातल्या प्रवासाला आवाजाच्या पॅकेटाला १०० मिलिसेकंदांची मुदत, तर साध्या वेबपानाच्या पॅकेटाला ३०० मिलिसेकंदांची.

तुम्ही बोलायचे थांबलात, की पॅकेटंही जवळजवळ थांबतात. दर १६० मिलिसेकंदांनी फक्त एक चिमुकला संदेश जातो, ‘इकडे शांतता आहे’ एवढं सांगणारा. मग ऐकणाऱ्याला कॉल कटला असं वाटू नये म्हणून त्याचा स्वतःचाच फोन मंद खरखर तयार करून त्याच्या कानात सोडतो.

आता हिशेब करा. या पद्धतीत आवाजाचा एक प्रचलित दर आहे सेकंदाला १२.६५ किलोबिट. म्हणजे मिनिटभराच्या बोलण्याचा मूळ डेटा शंभर किलोबाइटच्या आतच राहतो. पॅकेटांच्या वेष्टनाचा भार त्यावर चढवला, तरी व्हिडिओच्या दोन-चार सेकंदांतच तेवढा डेटा खर्च होतो. डेटाचं नेटवर्क एकदा उभं राहिलं, की त्यावरचं बोलणं चिल्लर ठरतं. कॉल कायमचे फुकट आणि पैसे फक्त डेटाचे, ही घोषणा या हिशेबातून आली होती. मिनिटांवर पैसे कमावणाऱ्या कंपन्यांना मात्र तीच गोष्ट मुळावर येणारी होती.

लांबचा पल्ला आणि रुंद रस्ता

जिओची खरी सुरुवात २०१० सालची. त्या वर्षी २,३०० मेगाहर्ट्झच्या लहरींचा लिलाव झाला. इन्फोटेल ब्रॉडबँड या छोट्याशा कंपनीने सुमारे १२,८४८ कोटी रुपये बोलून देशातल्या सगळ्या २२ दूरसंचार परिमंडळांत २० मेगाहर्ट्झचा पट्टा मिळवला आणि लागलीच रिलायन्सने त्या कंपनीचे ९५ टक्के समभाग घेतले. या लहरींवर तेव्हा फक्त इंटरनेट देण्याची मुभा होती. कॉल देण्याची परवानगी २०१३ मध्ये आणखी १,६५८ कोटी भरून मिळाली. त्यावर वाद झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१६ मध्ये ती याचिका फेटाळली गेली.

अडचण भौतिकशास्त्राची होती. २,३०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण १३ सेंटीमीटर. अशी लहर भिंतींत आणि झाडांत लवकर दम तोडते. कोकणातली चिऱ्याची जाड भिंत असेल किंवा मुंबईतली काँक्रीटची इमारत, आत शिरेपर्यंत ती क्षीण झालेली असते. उलट ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातली लहर सुमारे ३५ सेंटीमीटर लांबीची. ती भिंतीतून बरी जाते आणि डोंगराच्या कडेवरून थोडी वळतेही. मोकळ्या जागेत, साध्या अँटेनाने पकडली तर तेवढ्याच अंतरावर तिची मिळणारी शक्ती २,३०० मेगाहर्ट्झच्या तुलनेत सुमारे सातपट भरते. सह्याद्रीच्या घाटात किंवा खोल दरीतल्या वाडीवर रेंज येते की नाही, हे बरंचसं यावर ठरतं.

मग सगळीकडे कमी वारंवारताच का वापरू नये? कारण तिथे जागा अपुरी असते. खालच्या पट्ट्यात एका कंपनीच्या वाट्याला फार थोडे मेगाहर्ट्झ येतात. पल्ला लांबचा, पण रस्ता अरुंद. वरच्या पट्ट्यात रस्ता रुंद, पण पल्ला आखूड. म्हणून जिओने २०१४ मध्ये १,८०० आणि २०१५ मध्ये ८०० मेगाहर्ट्झच्या लहरी लिलावात घेतल्या. शिवाय ८०० मेगाहर्ट्झचा आणखी वाटा रिलायन्स कम्युनिकेशन्सशी करार करून मिळवला. २००३ साली ‘मान्सून हंगामा’ योजनेत ५०१ रुपयांत मिळालेला रिलायन्सचा फोन अनेकांना आठवत असेल. तो सीडीएमए पद्धतीचा फोन याच पट्ट्यावर चालायचा. अंबानी बंधूंच्या वाटणीत तो व्यवसाय धाकट्या भावाकडे गेला होता. त्याच्या लहरी दहाएक वर्षांनी थोरल्याच्या फोरजीला कामी आल्या.

टॉवरवर काय दिसतं?

पुढच्या वेळी टॉवर दिसला तर मान वर करून जरा नीट बघा. उभ्या, लांबट पट्ट्या दिसतात त्या अँटेना. बहुतेक ठिकाणी त्या तीन दिशांना तोंड करून असतात, प्रत्येकीकडे १२० अंशांचा टापू. त्यांच्या मागे चिकटलेले करडे डबे म्हणजे रेडिओ. पूर्वी हे यंत्र खाली वातानुकूलित खोलीत असे आणि जाड तांब्याच्या केबलमधून सिग्नल वर नेताना बरीच शक्ती वाया जाई. आता रेडिओ वर अँटेनाजवळच बसतो आणि खालून त्याच्याकडे फायबर जाते.

यात एक पांढरी, घुमटाकार डबी सहज नजरेतून सुटते. ती जीपीएसची अँटेना. टॉवर तर जागचा हलत नाही, मग त्याला जीपीएस कशाला? वेळेसाठी. २,३०० मेगाहर्ट्झवर जिओचे टॉवर आणि फोन एकाच वारंवारतेवर आळीपाळीने बोलतात. काही मिलिसेकंद टॉवर बोलणार, मग काही वेळ फोन. शेजारच्या दोन टॉवरांच्या पाळ्या चुकल्या, तर एकाच्या जोरकस आवाजात दुसऱ्याकडे येणारा फोनचा क्षीण आवाज बुडून जाईल. म्हणून प्रत्येक टॉवरचं घड्याळ प्रमाणवेळेपासून सेकंदाच्या दहालाखाव्या भागाच्या दीडपटीहून जास्त भरकटून चालत नाही. तेवढ्या अवधीत रेडिओलहर जेमतेम साडेचारशे मीटर जाते. ही अचूकता उपग्रहांवरच्या आण्विक घड्याळांकडून येते.

जुन्या जगाचा दरवाजा

नेटवर्क कितीही नवं असलं, तरी ते एकट्याने चालत नाही. जिओच्या ग्राहकाला एअरटेलच्या, व्होडाफोनच्या, आयडियाच्या माणसाशी बोलायचं असतं. दोन कंपन्यांची यंत्रणा जिथे जोडली जाते, तिथे पॅकेटांमधला आवाज पुन्हा जुन्या पद्धतीच्या राखीव वाहिन्यांत भरावा लागे. अशा एका जोडणीत एका वेळी तीस कॉल मावतात. एकतिसाव्याला ‘नेटवर्क व्यस्त’.

२०१६ च्या त्या महिन्यांत हा दरवाजा तुंबला. नियमानुसार हजार कॉलमागे पाचाहून जास्त कॉल इथे अडता कामा नयेत. प्रत्यक्षात कितीतरी जास्त अडत होते. जुन्या कंपन्या जोडण्या देत नाहीत, अशी जिओची तक्रार होती. फुकट कॉलमुळे एकतर्फी लोंढा आमच्या अंगावर येतो, असं जुन्या कंपन्यांचं म्हणणं होतं. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने ऑक्टोबर २०१६ मध्ये या तिघींवर मिळून ३,०५० कोटींच्या दंडाची शिफारस केली. दुसऱ्याच्या नेटवर्कवर कॉल उतरवण्याचं शुल्क तेव्हा मिनिटाला १४ पैसे होतं. ते २०१७ मध्ये ६ पैशांवर आणि २०२१ च्या सुरुवातीला शून्यावर आलं.

दुसरी अडचण ग्राहकाच्या खिशातली होती. व्होल्टी चालणारे फोन तेव्हा मोजकेच होते आणि साध्या बटनांच्या फोनमध्ये जिओचं सिम निरुपयोगी होतं. त्यासाठी २०१७ मध्ये कंपनीने १,५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर बटनांचा फोरजी जिओफोन आणला.

या धुमश्चक्रीत बाजार आकसला. रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाइल सेवा बंद पडली, एअरसेल दिवाळखोरीत गेली, टेलिनॉर आणि टाटांचा मोबाइल व्यवसाय एअरटेलमध्ये विरला, व्होडाफोन आणि आयडिया २०१८ मध्ये एक झाल्या. स्वस्त डेटाची ही दुसरी बाजू. निवड करायला आज मोजक्याच कंपन्या उरल्या आहेत आणि २०२४ च्या जुलैत तिन्ही खासगी कंपन्यांनी एकापाठोपाठ दर वाढवले, तेव्हा ग्राहकाला ते जाणवलंही.

कोरी पाटी भरत चालली

२०२२ च्या फाइव्हजी लिलावात जिओने ८८,०७८ कोटी रुपये मोजले. त्यात ७०० मेगाहर्ट्झचा लांब पल्ल्याचा पट्टाही होता. आधीच्या दोन लिलावांत महाग म्हणून त्याला कोणी हात लावला नव्हता. या वेळीही तो एकट्या जिओने घेतला. सोबत ३.३ गिगाहर्ट्झ आणि २६ गिगाहर्ट्झचे रुंद पट्टे. एअरटेलने सुरुवातीला फाइव्हजीचा रेडिओ आपल्या फोरजीच्या मध्यवर्ती यंत्रणेला जोडला. तो मार्ग स्वस्त आणि झटपट. जिओने फाइव्हजीची मध्यवर्ती यंत्रणाही वेगळी उभारली. त्यामुळे एकाच नेटवर्कचे वेगवेगळ्या कामांसाठी स्वतंत्र भाग पाडता येतात. घराच्या गच्चीवर किंवा खिडकीबाहेर डबा बसवून वायरविना इंटरनेट देणारी एअरफायबर सेवा या सोयीचा उपयोग करते. ती सुरू झाली १९ सप्टेंबर २०२३ रोजी, पुन्हा गणेश चतुर्थीलाच.

२०१६ च्या आधी भारतीय ग्राहक महिन्याला सरासरी एक जीबीही डेटा वापरत नव्हता. मार्च २०२५ अखेर जिओचे ग्राहक ४८ कोटींच्या वर गेले होते आणि प्रत्येकाचा महिन्याचा सरासरी वापर ३३ जीबींच्या पुढे होता. त्या ४८ कोटींपैकी फाइव्हजीवर होते सुमारे १९ कोटी. उरलेले २९ कोटी अजून फोरजीवरच.

खरी गोम इथेच आहे. जिओने टूजीमुक्त भारताची घोषणा दिली आणि २०२३ मध्ये अवघ्या ९९९ रुपयांत बटनांचा जिओ भारत फोन आणला. तो फोरजीवर चालतो आणि घेणारा माणूस तो लवकर बदलणारा नाही. दहा वर्षांपूर्वी टूजीच्या ग्राहकांना सांभाळताना इतर कंपन्यांची जी ओढाताण होत होती, तीच आता फोरजीच्या ग्राहकांपायी जिओच्या वाट्याला येते आहे. शिवाय लहरी काही वाढत नाहीत. १,८०० आणि २,३०० मेगाहर्ट्झचा जेवढा भाग या कोट्यवधी फोनांसाठी अडकून राहील, तेवढा फाइव्हजीला आणि तिच्यामागून येणाऱ्या पिढीला कमी मिळणार.