नव्या नोकराची वर्दी

कारखान्यात अथवा दुकानात नवा माणूस कामावर ठेवला, म्हणजे तो व्यवहार मालक व नोकर या दोघांपुरताच आहे, असे सामान्यतः समजले जाते. एकाने काम करावे, दुसऱ्याने वेतन द्यावे आणि तिसऱ्याने त्यात डोकावू नये, ही समजूत जुनी आहे. परंतु त्या वेतनावर हक्क असलेली तिसरी व्यक्ती पुष्कळदा अस्तित्वात असते, आणि ती वयाने लहान असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नव्या नोकराची वर्दी सरकारात देण्याचे बंधन मालकावर घातलेले आहे, ते मुख्यतः या तिसऱ्या व्यक्तीसाठी.

त्या देशात पन्नास राज्ये असून विवाह, घटस्फोट व पोटगी हे विषय प्रामुख्याने राज्यांच्या अखत्यारीतले आहेत. आईबाप विभक्त झाले, म्हणजे मूल ज्याच्याजवळ राहत नाही त्या पालकाने, बहुधा पित्याने पण क्वचित मातेनेही, मुलाच्या संगोपनासाठी ठराविक रक्कम द्यावी, असा हुकूम होतो. पैसे देण्याची इच्छा नसलेल्या माणसाला त्यातून सुटण्याचा एक सोपा मार्ग असे. तो नोकरी सोडून दुसऱ्या राज्यात जाई. मुलाच्या आईजवळ हुकुमाचा कागद राही. पण तो कोणाच्या हाती द्यावयाचा, हे तिला कळत नसे.

या प्रश्नाकडे संघ सरकारचे लक्ष हळूहळू वळले. १९७५ साली राज्यांच्या सहकार्याने पोटगीवसुलीची योजना सुरू झाली. थकबाकीदाराच्या वेतनातून पोटगी परस्पर कापून घेण्याची व्यवस्था १९८४ च्या कायद्याने राज्यांना सक्तीची केली. आणि थकबाकी साचण्याची वाट न पाहता प्रारंभापासूनच कपात करावी, हे तत्त्व १९८८ च्या कायद्याने स्वीकारले. कपातीचा अधिकार आला. परंतु कपात कोणत्या मालकाकडे मागावयाची, हा प्रश्न शिल्लक राहिला. बेकारी विम्याच्या कामासाठी मालकांकडून वेतनाची तिमाही पत्रके राज्यांकडे येत असत. पण तिमाही संपून पत्रक दाखल होऊन त्याची छाननी होईपर्यंत काही महिने उलटत, आणि वारंवार नोकरी बदलणारा मनुष्य तोवर पुढच्या गावी पोचलेला असे. तेव्हा माणूस कामावर लागताच त्याची खबर मिळाली पाहिजे, हा विचार पुढे आला. वॉशिंग्टन राज्याने १९९० साली असा प्रयोग सुरू केला व इतर काही राज्यांनी त्याचे अनुकरण केले.

२२ ऑगस्ट १९९६ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी लोककल्याण योजनांच्या पुनर्रचनेच्या विस्तृत कायद्यावर स्वाक्षरी केली, आणि त्यातील एका प्रकरणाने हा प्रयोग साऱ्या देशाचा नियम झाला. मालकाने नोकराचे नाव, पत्ता व सोशल सिक्युरिटी क्रमांक, आणि स्वतःचे नाव, पत्ता व करखात्याकडील ओळखक्रमांक राज्याच्या नोंदवहीकडे कळवावयाचा असतो. नोकर प्रत्यक्ष कामावर आला ती तारीखही २०११ पासून कळवावी लागते. मुदत जास्तीत जास्त वीस दिवसांची आहे. राज्याला ती कमी करता येते. प्राप्तिकराच्या कपातीसाठी नोकर डब्ल्यू-४ हा नमुना भरून देतो, त्याचीच प्रत पाठविली तरी चालते. यंत्राद्वारे माहिती पाठविणाऱ्या मालकाला महिन्यातून दोन वेळा ती पाठविण्याची मुभा आहे. अनेक राज्यांत शाखा असलेल्या कंपनीला यांपैकी एक राज्य निवडून सर्व नोकरांची वर्दी तेथेच देता येते. नोकरी सुटून साठ दिवस उलटल्यावर तोच मनुष्य पुन्हा कामावर घेतला, तर तोही नवा नोकर समजला जातो. नागरिक व परदेशीय असा भेद येथे नाही. पुण्याहून वा बडोद्याहून जाऊन तेथील कंपनीत पगारी नोकरी धरणाऱ्या मराठी अभियंत्याचे नावही याच वाटेने नोंदवहीत जाते.

ही व्यवस्था कशी चालते, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. ओहायो राज्यातील एका यंत्रदुरुस्ती करणाऱ्या कामगारावर दोन मुलांच्या पोटगीचा हुकूम झालेला आहे, असे समजा. तो टेक्सासमध्ये जाऊन एका कारखान्यात नोकरीस लागतो. कारखान्याचा कारकून वीस दिवसांच्या आत त्याची वर्दी टेक्सासच्या नोंदवहीकडे पाठवितो. आलेली माहिती राज्याने कामकाजाच्या पाच दिवसांत नोंदवावयाची, आणि त्यापुढील तीन दिवसांत नवनियुक्तांच्या राष्ट्रीय नोंदवहीकडे रवाना करावयाची असते. १ ऑक्टोबर १९९७ रोजी सुरू झालेल्या या नोंदवहीतील क्रमांक देशातील पोटगीच्या प्रकरणांच्या यादीशी ताडून पाहिले जातात. क्रमांक जुळला, की ओहायोच्या कचेरीस कळते, आणि तेथून टेक्सासच्या मालकाकडे कपातीचा हुकूम थेट जातो. नव्या खटल्याची गरज पडत नाही. मूल व पिता एकाच राज्यात असतील तर मार्ग याहूनही आखूड आहे. नोंद होऊन प्रकरण जुळल्यावर दोन दिवसांत मालकाकडे हुकूम निघाला पाहिजे, असे कायदा सांगतो.

मालकाने कापलेली रक्कम सात कामकाजाच्या दिवसांत पुढे पाठवावयाची असते. कपातीलाही मर्यादा आहे. कर व सक्तीच्या वजाती जाऊन उरलेल्या वेतनाच्या निम्म्यापासून पासष्ट टक्क्यांपर्यंतच, परिस्थितीप्रमाणे, हात घालता येतो. कारण पोटगी देणाऱ्यालाही जगले पाहिजे. या कटकटीला कंटाळून मालकाने नोकराला काढले, तर तो स्वतः दंडास पात्र होतो. याउलट वर्दी न देण्याबद्दलचा दंड अगदी सौम्य आहे. राज्याने तो ठेवलाच, तर एका नोकरामागे २५ डॉलरांहून अधिक असू नये. मालक व नोकर यांनी संगनमताने वर्दी चुकविली वा खोटी दिली, तर मात्र तो ५०० डॉलरांपर्यंत जातो. पोटगीखेरीज या माहितीचा दुसराही उपयोग होतो. नोकरी लागल्यानंतरही बेकारीचा भत्ता उचलणारा मनुष्य या नोंदीमुळे लवकर उघडकीस येतो.

तथापि या व्यवस्थेवर आक्षेपही आहेत, आणि ते उपेक्षणीय नाहीत. पोटगी चुकविणारे थोडे असतात. नाव मात्र प्रत्येक नव्या नोकराचे नोंदविले जाते. ज्याला अपत्य नाही, किंवा जो आपल्या मुलाबाळांत सुखाने राहतो, त्याचीही नोंद होते. एका हेतूने जमविलेली माहिती दुसऱ्या हेतूंकडे ओढली जाते, हा अनुभवही येथे आला. शैक्षणिक कर्जाची थकबाकी व सरकारी घरभाड्याची मदत यांच्या तपासासाठी तिची दारे पुढे उघडण्यात आली. चोवीस महिन्यांनंतर नोंद पुसून टाकावी, असे बंधन कायद्याने घातले ते याच भीतीने.

दुसरा आक्षेप अधिक दुःखद आहे. सरकारी मदतीवर जगणाऱ्या कुटुंबाच्या बाबतीत वसूल झालेली पोटगी पूर्वी दिलेल्या मदतीच्या भरपाईदाखल बऱ्याच अंशी सरकारच ठेवून घेऊ शकते. अशा वेळी पित्याच्या वेतनातून पैसे कापले जातात, पण मुलाच्या ताटात भर पडत नाही. आणि ज्याची मिळकतच तुटपुंजी आहे असा पिता कपातीच्या धास्तीने पगारपत्रकावरील नोकरी टाळून रोख मजुरीकडे वळतो. तेथे वर्दी देणारा कोणी नसतो. स्वतंत्र ठेकेदार म्हणून काम करणाऱ्यांनाही संघराज्याचा हा नियम लागू नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी तेवढी उणीव आपल्यापुरती भरून काढली आहे.

भारतातील स्थितीशी याची तुलना उद्बोधक आहे. पोटगीचा हक्क १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमात होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात आला आहे. हुकूम झालेला मनुष्य ज्या गावी असेल तेथील दंडाधिकाऱ्यामार्फत त्याची बजावणी करता येते. राज्याची सीमा आड येत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यान्वये तर वेतनाचा काही भाग पीडित स्त्रीला परस्पर द्यावा, असा आदेश दंडाधिकारी मालकाला देऊ शकतो. उभय पक्षांनी आपल्या उत्पन्नाचे व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र दाखल करावे, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०२० साली घालून दिले. अधिकाराची वाण अशी फारशी नाही. पण बेळगावात राहणाऱ्या स्त्रीचा पती पुण्यास, किंवा इंदुरातील स्त्रीचा पती सुरतेस नोकरीला लागला, तर त्या नोकरीचा पत्ता शोधून न्यायालयापुढे ठेवण्याचा भार तिच्यावरच पडतो. भविष्यनिर्वाह निधीच्या सभासदाला नोकरी बदलली तरी न बदलणारा एकच क्रमांक २०१४ पासून मिळू लागला; परंतु त्या नोंदीची पोटगीच्या हुकुमाशी सांगड घातलेली नाही.

ती घालावी की नाही, हा विचार करताना अमेरिकेच्या अनुभवाच्या दोन्ही बाजू ध्यानात घ्याव्या लागतील. पगारपत्रकावर नाव असलेला मनुष्य सापडतो, नसलेला सापडत नाही. आणि भारतात पगारपत्रकावर नसलेल्यांचीच संख्या मोठी आहे. सर्वांची नावे जमविताना थोड्यांच्या अपराधासाठी सर्वांच्या खाजगी आयुष्यात सरकारचा प्रवेश होतो, हेही विसरता येत नाही. परंतु हक्क कागदावर देऊन तो वसूल करण्याची वाट शोधण्याचे काम ज्याच्याजवळ साधने सर्वांत कमी आहेत त्याच्यावरच टाकणे, हाही एक निर्णयच असतो, आणि त्याची किंमत मुलाला मोजावी लागते. मालकाच्या कचेरीत भरल्या जाणाऱ्या पाचसहा ओळींच्या एका नमुन्याने ती किंमत कमी होऊ शकते, एवढे अमेरिकेच्या उदाहरणाने दाखवून दिले आहे.