मातीकडून मण्यांकडे

इंग्लंडातील कृषिरसायनाचे अभ्यासक टॉम्सन आणि वे यांनी, मातीच्या थरातून अमोनियम सल्फेटचे द्रावण झिरपू दिले असता खाली अमोनियाऐवजी चुन्याचा क्षार उतरतो, ही गोष्ट 1850 च्या सुमारास दप्तरी नोंदवली, तेव्हा आयन-विनिमयाच्या शास्त्राला आरंभ झाला. परंतु पुढील पाऊण शतकात या कामी जी खनिजे आणि जी कृत्रिम सिलिकेटे आली, ती आम्लापुढे टिकाव धरीत नसल्यामुळे, दुष्फेन पाणी सुफेन करण्यापलीकडे त्यांची फारशी मजल गेली नाही.

1935 साली टेडिंग्टन येथील सरकारी प्रयोगशाळेत ॲडम्स आणि होम्स यांनी फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांच्या राळेला आयन-विनिमयाचा गुण देता येतो हे सिद्ध केले, आणि कीर्ती त्यांना योग्यच लाभली. तथापि माझ्या मते निर्णायक पाऊल अमेरिकेतील डालेलिओ यांचे, ज्यांचे पेटंट 1944 मध्ये मंजूर झाले. स्टायरिनमध्ये थोडे डायव्हिनाइलबेंझिन मिसळून ते पाण्यात ढवळीत तापवले, की प्रत्येक थेंब घट्ट होऊन त्याचा मिलिमीटरभराहूनही लहान मणी बनतो. तो जात्या पाण्याशी सर्वस्वी उदासीन. हाच मणी उष्ण, तीव्र गंधकाम्लात ठेवला असता त्याच्या बेंझिन-वलयांवर धनायन धरणारे सल्फोनिक गट जडतात आणि तो पाण्यासाठी इतका आसुसतो, की आम्ल टप्प्याटप्प्याने विरल करीत नेण्याचा बंदोबस्त नसेल तर फुगण्याच्या ताणाने तो तडकून जातो. डायव्हिनाइलबेंझिनमुळे साखळ्यांमध्ये पडणाऱ्या आडबंधांचे प्रमाण वाढवावे तर मणी कणखर होतो, पण आयनांची ये-जा मंदावते. कमी करावे तर तो मऊ पडतो. हा तोल माणसाच्या हाती आला, ही मला विसाव्या शतकातील रसायनाची थोर कमाई वाटते.

आयन-विनिमयाची मजल आता पाणी सुफेन करण्यापलीकडे गेली होती: दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील ओक रिज येथे अणुभट्टीतील विखंडन-द्रव्यांतून प्रोमेथियम हे मूलद्रव्य वेगळे ओळखता आले, ते त्याच्याच साहाय्याने.

ऋणायन धरणाऱ्या मण्यांची कथा मात्र निर्मळ नाही. त्याच पॉलिस्टायरिनवर क्लोरोमिथिल गट बसवून पुढे त्यावर ट्रायमिथिलअमाइन जोडावे लागे, आणि त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरोमिथिल ईथरात मिसळलेल्या बिस-क्लोरोमिथिल ईथराने कारखान्यांतील कामगारांना फुप्फुसाचा कर्करोग जडवला, हे पुढे निर्विवाद ठरले. अमेरिकेत या द्रव्यांवर कायद्याचे कडक निर्बंध आले ते 1974 मध्ये, म्हणजे मणी बाजारात येऊन दोन दशके उलटून गेल्यानंतर.