कार्डाचे कर्ज आणि सोबतीचा आधार

ज्या १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्याच सालच्या १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातून कर्जाची खते बाहेर काढून त्यांची होळी केली. पुढे ते लोण पुणे व नगर या दोन्ही जिल्ह्यांत पसरले. सरकारला चौकशी करावी लागली, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. त्या शेतकऱ्याचा राग समजण्यासारखा होता. खतावर त्याचा अंगठा होता, पण खतात काय लिहिले आहे हे त्याला ठाऊक नव्हते.

आज आपण सारे सही करणारी माणसे आहोत. तरीही आमचा असा अनुभव आहे की, खिशातल्या क्रेडिट कार्डाच्या खतात काय लिहिले आहे, हे दहांतल्या नऊ जणांना सांगता येत नाही. आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या दारावर आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा अर्थशास्त्राचा आव न आणता, आम्हाला जे कळले आणि ज्याची झळ लागली, तेवढेच येथे सांगतो.

कामगार आणि कर्ज यांचे नाते जुने आहे. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील मजूर आयोगाने १९३१ साली असा अंदाज दिला की, बहुतेक औद्योगिक शहरांत निदान दोन तृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात आहेत, आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक आहे. आमचे आजोबा गिरणीत होते. पगाराच्या दिवशी पठाण काठी घेऊन दाराशी उभा असे, ही गोष्ट आम्ही लहानपणी ऐकली. तो पठाण निदान दिसत तरी होता. आजचा सावकार दिसत नाही. तो कारखान्याच्या फाटकाजवळ छत्रीखाली टेबल मांडून, गोड बोलून, 'फुकट' कार्ड देऊन जातो.

आता या कार्डाचा हिशेब पाहू. कार्डाने खरेदी केली आणि बिलाची पूर्ण रक्कम मुदतीत भरली, तर व्याज लागत नाही. असे करणाऱ्याला कार्ड सोयीचेच आहे. आमचे त्याच्याशी भांडण नाही. पण बिलावर दुसरा एक लहान आकडा छापलेला असतो : 'किमान देय रक्कम'. ती बहुधा बिलाच्या पाच टक्क्यांच्या आसपास असते. माणसाला वाटते, एवढी भरली की सुटलो. दंड टळतो हे खरे. व्याज टळत नाही. शिवाय बाकी राहिली की बिनव्याजी मुदत जाते, आणि पुढच्या नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढू लागते. कार्डावर रोख पैसे काढले, तर त्याला बिनव्याजी मुदत मुळातच नसते.

समजा, बिल एक लाखाचे आहे आणि दर महिन्याला साडेतीन टक्के आहे. ऐकायला साडेतीन हा आकडा किरकोळ वाटतो. वर्षाचे ते बेचाळीस टक्के झाले. त्या व्याजावर आणखी अठरा टक्के जीएसटी. तुम्ही पाच हजार भरले. पंच्याण्णव हजार राहिले. महिन्याभरात त्यावर व्याज ३,३२५ रुपये आणि कर सुमारे ६०० रुपये. पुढचे बिल आले जवळजवळ ९८,९२५ रुपयांचे! म्हणजे पाच हजार गेले आणि कर्ज घटले हजार-अकराशेने. असेच वर्षभर पाच टक्के भरत राहा, एक पैशाचीही नवी खरेदी करू नका. तरी साडेछप्पन्न हजार रुपये भरून कर्ज उतरेल फक्त सुमारे बारा हजारांनी. ते निम्मे व्हायला पाच वर्षांहून अधिक काळ लागेल. हीच बाकी दरमहा न चुकता दहा हजार भरून फेडली, तर तेरा हप्त्यांत संपते. रोग कुठे आहे, हे या दोन आकड्यांवरून ध्यानात येईल.

जुन्या हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम होता. एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज मागता येत नसे. बँकेच्या कर्जाला तो आधार मिळत नाही. कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणे गैर आहे, असा निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिला होता. तोही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. तेव्हा कायदा येऊन आपली सुटका करील, या आशेवर बसून चालणार नाही.

येथे आम्हाला स्वतःविषयी बोलणे भाग आहे. सावकारशाहीवर आम्ही शेकडो फाटकसभांतून बोललो. त्याच वेळी आमच्या पाकिटात तीन कार्डे होती. मातोश्रींचे इस्पितळ, मुलीचा कॉलेजातील प्रवेश, घराला रंग, आणि मग, खोटे कशाला बोलावे, एक मोठा टीव्ही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्या मुठीत सव्वा लाखाचे कर्जच होते. दरमहा ६,२५० रुपये किमान रक्कम भरायची आणि बिल खणात टाकायचे, असे दीड वर्ष चालले. एके दिवशी ती बिले घरच्यांच्या हाती लागली. मंडळी एवढेच म्हणाली, "अहो, तुम्ही मालकाकडे पै-पैचा हिशेब मागता. आपल्या घरचा कधी दाखवणार?" त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

त्याच सुमारास आमच्या खात्यातला एक तरुण कारागीर कामावर येईनासा झाला. एका कार्डाचे पैसे दुसऱ्यावरून भरता भरता त्याची चार कार्डे भरली होती. वसुलीचे फोन आधी त्याला, मग बायकोला, मग शेजाऱ्यांना जाऊ लागले. तो घरात न सांगता निघून गेला. चौथ्या दिवशी बहिणीच्या गावी सापडला. भेटायला गेलो तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला, "भाऊ, तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटली." आम्ही त्याला आमचा सव्वा लाखाचा आकडा सांगितला. त्याने मान वर केली. त्या दिवशी आम्हाला कळले की, व्याजाइतकीच लाजही माणसाला बुडवते. कारण लाजेपोटी तो एकटा पडतो आणि एकटा माणूस किमान रक्कम भरत राहतो.

पुढच्या महिन्यात पगारानंतरच्या पहिल्या रविवारी युनियनच्या कचेरीत आम्ही पाच जण बसलो. आज त्या बैठकीला तिसरे वर्ष चालू आहे. तिचे नियम साधे आहेत, म्हणून देतो.

पहिला : प्रत्येकाने आपली बिले घेऊन यावे आणि एकूण बाकी, व्याजाचा दर व गेल्या महिन्यात भरलेली रक्कम मोठ्याने वाचावी. दुसरा : कोणी कोणाला उपदेश करू नये, टोमणा मारू नये, आणि ऐकलेला आकडा बाहेर नेऊ नये. तिसरा : आपसांत उसने देऊ नये आणि जामीन राहू नये, नाहीतर सोबती तेच सावकार होतात आणि बैठक मोडते. चौथा : घरच्या माणसाला बरोबर आणावे. बचतगटात वहीचा हिशेब ठेवणाऱ्या आमच्या वहिनींनी आम्हाला जे शिकवले, ते आमच्या कोणाच्या डोक्यात नव्हते. पाचवा : महिना चुकला, हप्ता भरला नाही, पुन्हा कार्ड वापरले, तरी बैठकीला यायचेच. हा शेवटचा नियम सर्वांत मोलाचा ठरला.

कामाची रीत अशी. प्रथम कार्ड वापरणे बंद. ते घरी कपाटात. मग सगळ्या कार्डांवर किमान रक्कम भरून, उरेल तो प्रत्येक रुपया एकाच कार्डावर घालायचा. कोणत्या? सर्वांत जास्त दराचे आधी फेडले, तर व्याज सर्वांत कमी जाते. हिशेबाने हेच बरोबर. पण सर्वांत लहान कर्ज आधी संपवले, तर एक कार्ड लवकर मिटते आणि उमेद येते. आमचा तरुण कारागीर दुसऱ्या वाटेने गेला. आठ हजारांचे पहिले कार्ड मिटले त्या रविवारी सर्वांनी टाळ्या वाजवल्या. थोडे व्याज जास्त गेले. पण तो टिकला. जो टिकतो तो फेडतो.

तिसरी वाट पगारदारांच्या पतसंस्थेची. आमच्या पतसंस्थेचा दर वर्षाला बारा टक्के. तिचे कर्ज काढून आम्ही तिन्ही कार्डे मिटवली. दरमहा साडेसात हजारांचा हप्ता बसला आणि एकोणिसाव्या हप्त्याला कर्ज संपले. पूर्वी सव्वासहा हजार भरत होतो, तेव्हा कर्ज जागचे हलत नव्हते! मात्र येथे एक धोका आहे. कार्ड रिकामे झाले की हात पुन्हा तिकडे जातो, आणि मग पतसंस्थेचे व कार्डाचे अशी दोन कर्जे डोक्यावर बसतात. म्हणून मिटवलेले कार्ड लेखी अर्ज देऊन बंद करावे. सर्व बाकी भरल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद झाले पाहिजे, नाहीतर बँकेला दिवसाला ५०० रुपये ग्राहकास द्यावे लागतील, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ सालचा निर्देश आहे. नुसती कात्री लावून खाते बंद होत नाही.

वसुलीच्या फोनांविषयीही माहीत असावे. सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करू नये, आणि कर्जदाराची चारचौघांत अप्रतिष्ठा करू नये, असे रिझर्व्ह बँकेचे सांगणे आहे. त्रास झाल्यास आधी बँकेकडे लेखी तक्रार, आणि दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, हा मार्ग आहे. केवळ बिल थकले एवढ्यावरून पोलीस कोणाला धरून नेत नाहीत. तो दिवाणी मामला आहे. हे एक वाक्य वेळेवर कानी पडले असते, तर आमच्या त्या सोबत्याचे चार दिवस वाचले असते.

कोणी म्हणेल, हे सारे काटकसरीचे धडे झाले. मग पगारवाढीची लढाई कशाला? आमचे उत्तर असे की, दोन्ही हवे. कंत्राटी कामगाराला पोटापुरते मिळत नसेल, तर कितीही वह्या लिहून कर्ज टळणार नाही. पण व्याजात बुडालेला माणूस संपाच्या दिवशी छाती पुढे काढून उभा राहू शकत नाही, हेही आम्ही पाहिले आहे. रॉचडेलच्या ज्या विणकरांनी १८४४ साली आपले सहकारी दुकान उघडले, त्यांनी उधारी न देण्याचा नियम केला, तो याच शहाणपणातून.

सुप्याच्या शेतकऱ्यांना खत जाळता आले. आपले खत बँकेच्या यंत्रात आहे. ते जळत नाही. ते वाचावे मात्र लागेल, आणि चार माणसांत बसून मोठ्याने वाचावे लागेल. आपल्या आळीत, कचेरीत, सोसायटीत अशी चार माणसे निघतीलच. सुरुवात कोणीतरी आपला आकडा सांगून करायची आहे. आम्ही आमचा सांगितला आहे.