७५० मध्ये एक: आनुवंशिक नेत्रविकार, नातं आणि पैसा

संशोधनाचा प्रस्ताव लिहिताना ‘सामाजिक-आर्थिक घटक’ हा शब्द आपण सगळेच टाकतो. पण मुलाखतीत कुणी विचारलं, ‘हे घटक मोजणार कसे?’ की तिथे गाडी अडते. म्हणून आज नागपूरच्याच एका अभ्यासाचं उदाहरण घेऊ.

नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाचे डॉ. योस्ट योनास यांनी २००६ ते २००८ या काळात ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ केला. नागपूरपासून साधारण ४० किलोमीटरवरची ८ खेडी निवडली. तिथले ३० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचे ५,८८५ लोक पात्र होते, त्यातल्या ४,७११ जणांची तपासणी झाली. या माहितीवरून २०१२ मध्ये एक शोधनिबंध आला. त्यात रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे आरपी, या आजाराचं प्रमाण निघालं साधारण ७५० मध्ये १. जगभर जो आकडा सांगितला जातो तो आहे ४,००० मध्ये १.

आरपीमध्ये दृष्टिपटलातल्या, मंद उजेडात पाहणाऱ्या पेशी आधी मरतात. म्हणून सुरुवात रातांधळेपणाने होते. मग नजरेचा घेर कडेकडून आकसत जातो. समोरचं दिसतं, पण बाजूने आलेली गाडी दिसत नाही. मधली नजर बहुधा शेवटी जाते.

आकडा आधी तपासा

४,७११ ला ७५० ने भागा. उत्तर येतं जेमतेम ६. म्हणजे सगळा निष्कर्ष सहा-सात माणसांवर उभा आहे. ६ रुग्ण धरून ९५ टक्के विश्वासांतर काढलं तर ते साधारण ३६० मध्ये १ पासून २,१०० मध्ये १ पर्यंत पसरतं. शिवाय एकाच गावात दोन रुग्ण एकमेकांचे भाऊ असू शकतात, म्हणून खरं अंतर याहूनही रुंद असेल. दुसरी गोष्ट, इथे फक्त प्रौढ तपासले गेले आणि हा आजार वयाबरोबर उघड होतो. त्यामुळे सर्व वयोगटांच्या आकड्याशी थेट तुलना करता येत नाही. एवढं सगळं धरूनही प्रमाण जास्त असण्याची शक्यता ठळक आहे. मग प्रश्न येतो, का?

मामाची मुलगी

इरावती कर्वे यांनी ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ (१९५३) मध्ये नोंदवलंय की महाराष्ट्रातल्या अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालतं, आत्याच्या मुलीशी मात्र बहुधा टाळतात. १९५५ चा हिंदू विवाह कायदाही रूढी असेल तिथे जवळच्या नात्यातल्या लग्नाला वाट ठेवतो. यामागे कारणंही आहेत: ओळखीचं घर, कमी हुंडा, लेकीची काळजी, शेती घरातल्या घरात राहणं. म्हणजे लग्नाचा हा निर्णय आर्थिकही असतो.

आता गणित करू. एखादा अप्रभावी सदोष जनुक समाजात १०० मध्ये १ या वारंवारतेने आहे असं समजा. परक्यांच्या लग्नात मूल बाधित होण्याची शक्यता १०,००० मध्ये १. आतेमामे भावंडांच्या लग्नात ती साधारण १,४०० मध्ये १, म्हणजे सातपट. पण हेच उलटं वाचा: १,४०० पैकी १,३९९ मुलांना तो आजार होणार नाही. म्हणून ‘नात्यात लग्न केलं म्हणून मूल आंधळं झालं’ असं सरसकट लिहिणं शास्त्राला धरून नाही, आणि त्या वाक्याचा मार घरात बहुतेक वेळा आईवर पडतो. आरपीचे काही प्रकार प्रभावी जनुकाचे, काही एक्स गुणसूत्रावरचे असतात. तिथे नात्यातल्या लग्नाचा संबंध नाही. उलट, पिढ्यान् पिढ्या एकाच पोटजातीत लग्नं होत राहिली तर ‘नात्यातलं’ न म्हणता येणाऱ्या जोडप्यातही तोच सदोष जनुक भेटू शकतो.

म्हणून प्रश्नावलीत ‘तुमचं लग्न नात्यात झालंय का? हो/नाही’ असं विचारू नका. ‘लग्नाआधी तुमचं आणि यांचं नातं काय होतं?’ असं विचारा आणि तीन पिढ्यांची वंशावळ काढा. ती सगळ्या घरासमोर काढू नका. धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं असेल तर माणूस काकाची नजर सांगणारच नाही, आणि सांगितलीच तर तिचं स्थळ मोडू शकतं. आयसीएमआरच्या २०१७ च्या नीतितत्त्वांत गोपनीयतेवर भर आहे, तो अशाच ठिकाणी कामाला येतो.

पैसा कुठे कुठे आडवा येतो

विदर्भात सिकलसेलशी तुलना करून बघा. तिथे एकच ठरावीक उत्परिवर्तन आहे, स्वस्त प्राथमिक चाचणी आहे आणि २०२३ पासून राष्ट्रीय मोहीम आहे. आरपीला ८० पेक्षा जास्त जनुकं कारणीभूत असू शकतात. त्यामुळे चाचणी महाग, आणि अहवालात कधी कधी ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल येतो.

उपचाराचं तर विचारूच नका. आरपीई६५ या एका जनुकासाठी लक्सटर्ना नावाच्या जनुकीय उपचाराला अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळाली. दोन्ही डोळ्यांची किंमत ठेवली ८,५०,००० डॉलर, म्हणजे सात कोटी रुपयांच्या आसपास. आणि बाकीच्या जनुकांच्या रुग्णांना त्याचा उपयोग नाही.

याउलट जे हाताशी आहे ते निसटतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टीची व्याख्या फक्त अक्षरांच्या तक्त्यावर नाही. नजरेचा घेर ४० अंशांपेक्षा कमी असेल तरी ती लागू होते, आणि १० अंशांच्या आत गेला तर अंधत्व. पण आरपीचा रुग्ण तक्त्यावरची बारीक अक्षरंही वाचू शकतो. पेरिमेट्री, म्हणजे नजरेच्या घेराची तपासणी, झालीच नाही तर तो कागदोपत्री ‘चांगला’ ठरतो. ४० टक्के दिव्यांगत्वाशिवाय आरक्षण नाही, आणि संध्याकाळनंतरचं काम तर आधीच सुटलेलं असतं.

तुम्ही या विषयावर काम करणार असाल तर उत्पन्न आणि शिक्षण या नेहमीच्या दोन रकान्यांवर थांबू नका. हे चार जोडा: पहिलं लक्षण दिसल्यापासून निदान होईपर्यंत गेलेली वर्षं, एका तपासणीसाठी बुडालेली रोजी (सोबत आलेल्या माणसाचीही), पेरिमेट्री झाली का, आणि प्रमाणपत्र मिळालं का. हे चारही मोजता येतात. आणि फक्त दवाखान्यात आलेल्या रुग्णांवर अभ्यास करणार असाल, तर जे तिथवर पोचू शकले नाहीत त्यांच्याबद्दल तुमची आकडेवारी गप्प आहे, हे मर्यादांमध्ये स्पष्ट लिहा.