'डोळा' आणि आमचा 'डोया'

(बी. ए. भाग २)

आसेगावात आमच्या घरी डोळ्याला 'डोया' म्हणतात. शाळेत हा शब्द तोंडातून निघाला की वर्गात हशा पिकत असे. तो खरोखरच अशुद्ध आहे काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

संस्कृत 'अक्षि'चे प्राकृतात 'अक्खि' व पुढे हिंदीत 'आँख' झाले. मराठीने मात्र निराळा शब्द पत्करला. 'डोळा'चे मूळ प्राकृतातील 'डोल' या शब्दात सापडते. संस्कृतातून ज्यांची व्युत्पत्ती लागत नाही, अशा शब्दांना देशी म्हणतात. हेमचंद्राने बाराव्या शतकात अशा शब्दांचा 'देशीनाममाला' हा कोश रचला. 'डोल' त्याच कुळातला. प्राकृत आपल्या भागाला परकी नाही. १९३९ साली वाशिमला सापडलेल्या वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या ताम्रपटात संस्कृतबरोबर प्राकृतही आहे.

आता 'डोल'चा 'डोळा' कसा झाला ते पाहू. प्राकृतात दोन स्वरांमध्ये एकटा आलेला 'ल' मराठीत 'ळ' होतो. जोड 'ल्ल' असेल तर 'ल' राहतो. म्हणून वेळ या अर्थाच्या 'काल'चा 'काळ' झाला, पण 'कल्ल'पासून आलेला, आजच्या आधीचा दिवस दाखविणारा 'काल' तसाच राहिला. वऱ्हाडीने यापुढे एक पाऊल टाकून 'ळ'चा 'य' केला : काळा–काया, शाळा–शाया, डाळ–डाय आणि डोळा–डोया. आजच्या आधीचा 'काल' मात्र वऱ्हाडीतही 'काल'च. म्हणजे आमची जीभ अडखळत नाही, ती नियम पाळते.

व्याकरण पाहता 'आँख' स्त्रीलिंगी, तर 'डोळा' पुल्लिंगी. विभक्ती लागताना त्याचे सामान्यरूप 'डोळ्या' होते : डोळ्याला, डोळ्यात. आम्ही 'डोयाले', 'डोयात' म्हणतो. येथे मूळ रूप व सामान्यरूप एकच होऊन बसते. वचनाने अर्थही पालटतो. 'डोळा लागला' म्हणजे झोप आली. 'वाटेकडे डोळे लागले' म्हणजे कोणाची तरी प्रतीक्षा आहे. माझ्या मायने शाळेचे तोंड पाहिले नाही. पण हा भेद तिच्या बोलण्यात कधी चुकत नाही.

परीक्षेत मी 'डोळा'च लिहीन. प्रमाणभाषेची गरज मला मान्य आहे. परंतु 'डोल' सोडून आलेला 'डोळा' शुद्ध, तर आणखी एक पाऊल चालून आलेला 'डोया' अशुद्ध कसा? खेड्यातून आलेल्या विद्यार्थिमित्रांनी आपापल्या घरचे असे शब्द वहीत उतरवून ठेवावेत, एवढीच विनंती.